डॉस, युनिक्स आणि तोडणीची यादी

"नानांची नोकरी मशीननं खाल्ली बघा," बाहेर माठापाशी शिपाईमामा कुणाला तरी सांगत होते. "पयल्या गळितापासनं ऊसनोंदीचं रजिस्टर त्यांच्याच हातात. कुठं खाडाखोड न्हाय. आन् आता म्हनं यादी त्यांनीच फिरवली."

"मग त्या पोरीला इचारा की. मशीनपशी तीच बसती."

"ती कुनाशी बोलत न्हाय. इंग्लिश शाळेतली हाय."

दार अर्धवट लोटलेलं होतं. खुर्ची सरकली असती तर मी आत आहे हे त्यांना कळलं असतं, म्हणून मी हललेच नाही. समोर कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हिरवं 'ए' आणि त्याच्यापुढे बाणाचं टोक, एवढंच होतं. माझ्याकडून काहीतरी टाइप व्हायची ते वाट बघत होतं. मी काही टाइप केलं नाही. बाहेरचे दोघं पाणी पिऊन गेले, मग मी पंखा लावला.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आमच्याकडं लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. कळंबहून कारखान्याकडं येताना एस.टी.च्या खिडकीतून दिसणाऱ्या विहिरींवर मोटारी होत्या, पण पाईप वर काढून ठेवलेले. ज्यांचा ऊस उभा होता त्यांचाही खालून वाळत चालला होता. सहकारी कारखान्यात ऊस कधी तुटणार हे शेतकरी ठरवत नाही, तोडणीची यादी ठरवते. ज्याची लागण, म्हणजे ऊस लावणं, आधी त्याची तोड आधी, असा नियम. बऱ्या वर्षी आठ दिवस इकडं तिकडं झाले तर लोक कुरकुरायचे आणि विसरायचे. त्या वर्षी आठ दिवसांत उसाचं चिपाड होत होतं. म्हणून यादी लागली की फळ्यापुढं माणसं उभी राहायची, बोट फिरवत आपलं नाव शोधायची, आणि मग आपल्या वरची नावं वाचायची. वरचीच जास्त वेळ वाचायची.

ही यादी आधी नाना करायचे. शेतकी खात्यातले नोंद कारकून. धोतर, काळी टोपी, आणि शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं एक लाल. कुठल्या गावात कुणाचं किती क्षेत्र, कुठं दीड वर्षाचा आडसाली, कुठं तोडीनंतर पुन्हा फुटलेला खोडवा, हे ते रजिस्टर न उघडता सांगायचे. मग कारखान्यानं मशीन आणलं आणि मशीनबरोबर मला.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. बदल्यांमुळं मला सोलापूरला मावशीकडं ठेवलं, तिथल्या इंग्लिश शाळेत मी शिकले. पुढं बी.एस्सी. आणि सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स. वडील निवृत्त होऊन कळंबला परत आले तेव्हा मीही आले, आणि मला कळलं की मला नीट मराठी लिहिता येत नाही आणि इथली मराठी बोलताही येत नाही. कारखान्याच्या मुलाखतीत कार्यकारी संचालक साहेबांनी एक जाड इंग्रजी पुस्तक पुढं केलं आणि म्हणाले, "कुठलंही पान वाचा आणि काय लिहिलंय ते सांगा." मी वाचलं आणि सांगितलं. तेवढ्यावर मला घेतलं, हंगामी म्हणून. ऑफिसात पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग त्यांच्या लक्षात आलं की आम्ही बौद्ध, आणि विचारणं थांबलं. कुणी वाईट बोललं नाही. मीही फार बोलत नव्हते, त्यामुळं दोन्ही बाजूंची सोय झाली.

नाना तेवढे रोज येऊन बसायचे. मी रजिस्टरातली नावं मशीनमध्ये भरायची आणि ते शेजारी बसून वाचून दाखवायचे. "हे दोन वेगळे बरं का. नाव तेच, बापाचं नाव तेच. एक वरल्या आळीचा, एक खालल्या." मशीनमध्ये इंग्रजी अक्षरंच होती. मी दोन्ही नावांपुढं आकडा टाकला. नानांना ते आवडलं नाही. "माणसाला नंबर द्यायची येळ आली व्हय," म्हणाले, पण हसून. कीबोर्डला त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांना वाटायचं शाईचा हात आहे, खराब होईल.

मशीन डॉसवर चालायचं. मशीन सुरू झालं की आधी जी व्यवस्था जागी होते, जी तुमचं म्हणणं ऐकून घेते आणि डिस्कवरची कागदपत्रं काढून देते, ठेवून घेते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. हे मी साहेबांना बऱ्याचदा समजावलं. एकदा ते म्हणाले, "म्हणजे आपल्या शेतकी खात्यात जे काम नाना करतात ते." मी हो म्हणाले. त्याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

डॉस सरळ होता. पातळ चौकोनी फ्लॉपी खाचेत घालायची, खटका फिरवायचा, बटण दाबायचं. घरघर होऊन मिनिटभरात पडदा तयार. ज्याच्या हातात फ्लॉपी तो मालक. नाव विचारत नाही, कशाला आलात विचारत नाही. एका वेळी एकच माणूस बसणार आणि एकच काम होणार. फायलीला नाव द्यायचं तर आठ अक्षरांत, त्यात आमच्या गावांची नावं बसायची नाहीत, मग तेरखेडा पूर्ण बसायचा आणि त्याच्या पुढचं गाव शेपूट तोडून लिहावं लागायचं. फ्लॉपीवर धूळ गेली की मशीन इंग्रजीत तीन पर्याय द्यायचं: सोडून द्या, परत करून बघा, दुर्लक्ष करा. मी बहुतेकदा परत करून बघायची.

एक गोष्ट मात्र त्याला रोज विचारावी लागायची. सुरू होताना डॉस तारीख विचारायचा. त्या मशीनला स्वतःचं चालू घड्याळ नव्हतं. वीज गेली की ते सगळं विसरायचं आणि पुन्हा सुरू झालं की म्हणायचं, आज मंगळवार, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, बरोबर का? आपण खरी तारीख टाकायची. नुसतं एंटर दाबलं तरी चालायचं. मग ते तीच तारीख धरून कामाला लागायचं.

पहिला महिना मी खरी तारीख टाकली. पण आमच्याकडं वीज कारखान्याचीच, उसाच्या भुशावर बॉयलर, बॉयलरवर टर्बाइन. दुष्काळात ऊस पुरेसा यायचा नाही. ऊस टाकायची गव्हाण रिकामी पडायची, गिरणी थांबायची, वाफेचा दाब उतरायचा आणि दिवे जायचे. बोर्डाची वीज यायला कधी दहा मिनिटं, कधी दुपार. दिवसातून चार-पाच वेळा मशीन बंद व्हायचं आणि प्रत्येक वेळी मला तारीख विचारायचं. कधीतरी मी एंटर दाबला. काही बिघडलं नाही. मग मी रोजच एंटर दाबू लागले. ऑफिसात अजून एक-दोन जण मशीन सुरू करायला शिकले होते, त्यांनी माझ्याकडं बघूनच शिकलं होतं, त्यामुळं तेही एंटर दाबायचे. आमच्या त्या खोलीतलं सगळं काम एकाच मंगळवारी होत होतं.

संचालक मंडळातले एक भाऊ अधूनमधून यायचे. सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. पांढरे कपडे, आवाज मोठा, पण माझ्याशी बोलताना मुद्दाम हळू बोलायचे, जणू मी लहान मूल. एका दुपारी ते आले आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले.

"ताई, दाखव तरी तुझी जादू. आमी नुसतंच मंजूर केलं, बघितलं न्हाई."

मी तोडणीच्या यादीची फ्लॉपी लावली. त्यांच्या गावाचं पान काढलं. नावं खाली सरकताना बघून ते खूश झाले.

"आन् ही तारीख? लागणीची? चुकली तर?"

"बदलता येते."

"कशी?"

मी एका नावापुढची तारीख बदलून दाखवली. त्याबरोबर ते नाव यादीत बरंच वर गेलं. मी पुन्हा खरी तारीख टाकली, नाव खाली आलं. मग पान प्रिंटरवर कसं काढायचं तेही दाखवलं.

"लई सोपं हाय की," भाऊ म्हणाले. मग पडद्याकडंच बघत म्हणाले, "जरा चहाचं बघ ना, ताई."

चहा सांगायला शिपाईमामा होते. मी त्यांना हाक मारू शकले असते. मी उठले, कँटीनपर्यंत स्वतः चालत गेले, चहा सांगितला आणि तिथंच चिंचेखाली उभी राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. चहा तयार होऊन मोठ्या ग्लासात ओतला गेला, तरी मी उभी होते. आपण परत का जात नाही हे मला नीट माहीत होतं. खोलीत आले तेव्हा प्रिंटर करकरत होता आणि भाऊ कागद फाडत होते.

"हे तुझ्या यादीत लाव," ते म्हणाले. "मशीनमधनंच निघालंय."

मी लावलं. दुसऱ्या दिवशी ती यादी फळ्यावर होती. भाऊंच्या गावची नऊ नावं वर सरकली होती, आणि त्यांच्याखाली कळंबपासून भूम तालुक्यापर्यंतचे सगळे तेवढेच खाली.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर माणसं आली. आरडाओरडा फार नव्हता, तेच जास्त वाईट होतं. उन्हात पटांगणात बसून राहिली. साहेबांनी चौकशी लावली. लागणीच्या तारखा कुणी दिल्या? नानांनी. रजिस्टर कुठं? ते मशीन आल्यावर बंद करून दफ्तरखान्यात टाकलं होतं. साहेबांचाच हुकूम होता तो, आता मशीन हेच रजिस्टर. रजिस्टर बंद झाल्यावर क्षेत्राची फेरमोजणी झाली होती, काहींनी ऊस चाऱ्याला दिला होता, काहींच्या लागणी मोडल्या होत्या. ते सगळे बदल नाना चिठ्ठीवर लिहून आणायचे, मी मशीनमध्ये भरायची आणि चिठ्ठी टोपलीत टाकायची. त्यामुळं मशीनमधली तारीख रजिस्टरशी जुळत नाही एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. भाऊ म्हणाले, "नानांनी चिठ्ठी दिली आसंल. कुणी सांगितलं आसंल त्यांना. म्हातारं माणूस हाय, घोटाळा व्हतो."

मग साहेबांनी मला विचारलं, फाईल शेवटची कधी बदलली ते मशीन सांगतं ना? मी पडद्यावर काढून दाखवलं. एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. पटांगणातला एक शेतकरी खिडकीतून वाकून बघत होता. तो मागं वळून बाकीच्यांना म्हणाला, "ह्यांनी यादी केली तवा आपल्या पोरांची लग्नं बी झाली नव्हती. ऊस कुठला." माणसं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "मग कुणी बदलली ते?"

"ते मशीन सांगत नाही," मी म्हणाले.

हे खरं होतं. साहेबांनी त्याच्यापुढचं विचारलं नाही आणि मी ते सांगितलं नाही. घरी मी एकटी कमावती होते, वडिलांची पेन्शन सुरू व्हायची होती, भाऊ संचालक होते आणि मी हंगामी. ही कारणं मी तेव्हा स्वतःला रोज सांगत होते. ती खोटी नव्हती.

नानांना पुढच्या मंडळाच्या बैठकीपर्यंत घरी बसायला सांगितलं. निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिली होती. बडतर्फ केलं तर नोकरी जाणार आणि नावही.

बैठकीला तीन आठवडे होते आणि त्याच बैठकीत दुसरा एक विषय होता. पुण्याच्या एका कंपनीनं एक मोठं मशीन महिनाभर वापरून बघायला पाठवलं होतं. कारखान्यानं डॉसवालं ठेवायचं आणि तशीच अजून दोन घ्यायची, की हे मोठं घ्यायचं, ते ठरवायचं होतं. साहेबांनी मला सांगितलं, "दोन्हीचे गुण-दोष लिहा. एका पानात. मराठीत. संचालकांना कळेल असं."

मोठ्या मशीनवर युनिक्स नावाची वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम होती. एका खोक्याला तारांनी जोडलेले तीन पडदे, म्हणजे शेतकी खातं, वजनकाटा आणि भांडार, तिघांनी एकाच वेळी काम करायचं. आधी ते तुमचं नाव विचारणार. मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. मी शिकवायला बसले तेव्हा वजनकाट्याच्या कारकुनानं तो चार वेळा टाइप केला, कारण त्याला वाटलं बटणंच चालत नाहीत. लहान लिपीतलं आणि मोठ्या लिपीतलं अक्षर युनिक्सला वेगळं. आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या, पुसून टाक म्हटलं की पुसून टाकणार, खरंच पुसू का असं विचारणार नाही. काम नीट झालं तर काहीही बोलत नाही. चुकलं तर एक ओळ. मला ते सुरुवातीला आवडलं. आठवड्यानं तेही नकोसं झालं, कारण दिवसभर सगळ्यांनी मला विचारायचं, "ताई, झालं का न्हाई? काय बोलंना."

पण त्यात प्रत्येक फायलीला मालक होता. यादी शेतकी खात्याची, तर वजनकाटा ती वाचू शकेल, बदलू शकणार नाही. ती कधी बदलली आणि त्या वेळी कोण नाव टाकून बसलं होतं, ते लिहिलेलं असणार. त्याला स्वतःचं घड्याळ होतं.

त्याचा दोष पाचव्या दिवशी कळला. गव्हाण रिकामी पडली, दिवे गेले. डॉसचं मशीन वीज येताच उठलं आणि मंगळवारपासून कामाला लागलं. युनिक्सला असं अचानक बंद झालेलं चालत नाही. त्याला आधी सांगून, सगळ्यांना बाहेर काढून, सगळं लिहून झाल्यावर बंद करायचं असतं. वीज आली तेव्हा त्यानं पूर्ण डिस्क तपासायला घेतली आणि सुटे तुकडे सापडल्यावर एकेक करून मला विचारू लागलं, हे ठेवू का, हे टाकू का. तो तुकडा कुणाच्या यादीचा ते मला कसं कळणार? मी हो म्हणत गेले. तिन्ही खाती बसून राहिली. दुपारी परत वीज गेली. पुण्याहून आलेला इंजिनिअर म्हणाला, बॅटरीची सोय करा, जनरेटर घ्या. मग त्यानं मला बाजूला घेऊन सगळ्यात वरचा पासवर्ड दिला. तो ज्याच्याकडं, त्याला कुणाचीही फाईल बदलता येते. "फक्त तुमच्याकडं ठेवा," तो म्हणाला. मी तो कागद पर्समध्ये ठेवला आणि त्या रात्रीपासून मला नीट झोप लागली नाही असं म्हणणार होते, पण झोप आधीच लागत नव्हती.

टिपण लिहायला मी तीन संध्याकाळी घालवल्या. आधी इंग्रजीत लिहिलं, ते सरळ आलं. मराठी करायला गेले तर वाक्यं उलटी पडायची. विचारायचं कुणाला? शेवटी एका रविवारी मी नानांच्या घरी गेले. मला वाटलं होतं ते दारातच थांबवतील. त्यांनी खुर्ची दिली, बायकोला पाणी आणायला सांगितलं, स्वतः खाटेवर बसले आणि चष्मा लावून माझा कागद वाचायला घेतला. लाल पेन काढलं.

"परवानगी असं लिव्ह. आधिकार म्हनू नकोस, संचालकांना राग येतो," ते म्हणाले. "आन् हे पासवर्ड तसंच ठेव. परवलीचा शब्द म्हनलं की त्यांना तमाशातलं वाटंल."

बायको आतून म्हणाली, "स्वतःला घरी बसिवलंय आन् बसलेत त्यांचंच कागद तपाशीत."

"गप बस. पोरीचं काम हाय." मग मला म्हणाले, "हे समजाव. ह्या मोठ्या मशीनमधी कुनी हात लावला ते कळतं?"

"कळतं."

"आन् आपल्या जुन्यात?"

"नाही कळत, नाना."

त्यांनी टिपणातली ती ओळ लाल पेनानं अधोरेखित केली. माझी मान खाली होती. त्यांच्या अंगणातल्या फरशीवर धान्य वाळत घातलं होतं, थोडीशी ज्वारी, आणि एक कोंबडी सारखी तिकडं यायची नि त्यांची बायको आतूनच हाकलायची.

"मग मोठंच घ्या म्हनावं," नाना म्हणाले. "पुढं कुनावर तरी आसं यायचं न्हाई." आणि शेवटच्या ओळीतलं ऱ्हस्व दीर्घ नीट करून कागद परत दिला.

मी एस.टी. स्टँडपर्यंत चालत आले. त्यांना माहीत होतं का? आजही मला वाटतं की नव्हतं. त्यांच्या मनात ते आलंच नसणार. माझ्यावर विश्वास होता असंही मी म्हणणार नाही. त्यांना फक्त माझं मराठी नीट करायचं होतं. माहीत असतं तर मला बरं वाटलं असतं.

बैठक कारखान्याच्या वरच्या हॉलमध्ये झाली. लांब टेबल, पांढरी चादर, ताटलीत भिजवलेले शेंगदाणे. मला भिंतीजवळ खुर्ची दिली होती. नाना दाराबाहेर बाकावर बसले होते, धुतलेलं धोतर, टोपी मांडीवर. आधी मशीनचा विषय निघाला. साहेबांनी माझं टिपण वाचून दाखवलं. नानांच्या मराठीत ते चांगलं वाटत होतं. डॉस: स्वस्त, शिकायला सोपं, वीज गेली तरी लवकर सुरू होतं, एका वेळी एक माणूस, पासवर्ड नाही, बदल कुणी केला ते कळत नाही, फ्लॉपी कुणीही नेऊ शकतो. युनिक्स: तिघं एकत्र काम करतात, परवानगीशिवाय बदल होत नाही, बदल कुणी केला त्याची नोंद राहते, महाग, शिकायला अवघड, वीज सतत हवी, आणि एका माणसाकडं सगळ्या चाव्या.

"आपल्याला जुनंच बरं," भाऊ म्हणाले. "पडलं तर लगीच उठतंय. ते दुसरं रुसलेल्या सुनंवानी हाय, समजूत काढता काढता दुपार जाती." काही संचालक हसले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ऊसच नाही तिथं वीज कुठून टिकणार, हे सगळ्यांना माहीत होतं. चेअरमन साहेबांनी मला विचारलं, "तुमचं काय मत?" मी म्हणाले, दोन्ही चालतील. विजेची सोय होईपर्यंत डॉस ठेवावं. फ्लॉपी कुलपात ठेवावी. माझा आवाज टेबलाच्या त्या टोकाला पोचला नाही, साहेबांनी पुन्हा सांगितलं. पुण्याचं मशीन परत पाठवायचं ठरलं. मी दमले होते, मला बरंच वाटलं.

"पुढचा विषय," चेअरमन साहेब म्हणाले, आणि नानांना आत बोलावलं. मला जायला सांगितलं नाही, पण थांबायलाही सांगितलं नाही. मी कागद गोळा केले. नाना टेबलाच्या टोकाशी उभे राहिले. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही, बहुतेक विसरून.

"नाना, तुम्ही जुनं माणूस," चेअरमन साहेब म्हणाले. "पन चिठ्ठी तुमचीच जाती मशीनकडं. दुसरं कुनी तारखा देत न्हाई. खरं का न्हाई?"

"व्हय, साहेब. चिठ्ठ्या माझ्याच."

"ह्या नऊ नावांच्या चिठ्ठ्या तुम्ही दिल्या?"

"म्या न्हाय दिल्या."

"मग तारखा आपोआप बदलल्या?"

नाना इमानदारीनं विचार करत होते, मशीन असं करू शकतं का. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मदतीला म्हणून, रोज एखादं नाव वाचता येत नसलं की मी त्यांच्याकडं बघायची तसं.

"मशीनला तर ठावं न्हाई कुनी केलं," भाऊ म्हणाले. "टिपणातच लिवलंय. मग राहिलं कोन? माझं म्हननं, म्हाताऱ्याला बडतर्फ नको करायला. राजीनामा घ्यावा, झालं. आब राखून."

चेअरमन साहेबांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. नाना म्हणाले, "लिहून देतो मग," आणि खिशातलं निळं पेन काढलं.

मी दारापर्यंत पोचले होते. हातातले कागद मी आधी दाराशेजारच्या खुर्चीवर ठेवले. कुणीतरी म्हणालं, ताई, दार लावून घ्या. मी दार लावलं, पण आतून. सगळे माझ्याकडं बघायला लागले तेव्हा मला एकदम इंग्रजीत बोलावंसं वाटलं, तिथं मला धीर असायचा. पण ते ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं नसतं.

"नाना, लिहू नका," मी म्हणाले. "त्या दिवशी यादीची फ्लॉपी मी लावून दिली होती. तारीख कशी बदलायची ते भाऊंना मीच दाखवलं, आणि मग मी चहा आणायला गेले, ते बदलणार हे माहीत असून. नानांनी मशीनला आजपर्यंत हात लावलेला नाही."